इवाकिरी सरांची लाल रेघ

“ढेकर देऊन देऊन बरगड्या दुखायला लागल्या माझ्या,” अंघोळ करून कपाटातून कपडे काढता काढता हातानोकाकू पुटपुटल्या. “सख्ख्या नवऱ्याचं कधी ऐकलं नाही, आणि आता या वयात या पोरीचं ऐकतेय.”

ज्या पोरीचं ऐकणं चाललं होतं ती उराबे कोतोको हातभर अंतरावर फरशी पुसत होती. तिने काही ऐकलंच नाही असा चेहरा केला, फडकं पिळून बाजूला ठेवलं, फ्रीजमधून सोड्याची बाटली काढली आणि झाकण उघडून काकूंच्या हातात दिली.

“आज लिंबाचा आहे, काकू. पोटाला हलका.”

“काल द्राक्षाचाही हलकाच होता म्हणे. रात्रभर पोटात ढोल वाजत होता.”

“बाटली तेवढी चेपू नका हं. आणि खाली आपटू नका.”

“मला कॉफीचं दूध हवंय,” काकू म्हणाल्या. “अंघोळ झाली की एक बाटली थंड दूध. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासूनचं आहे ते.”

“स्पर्धा झाली की देते.”

“स्पर्धा होईपर्यंत मी राहिले तर.”

तरीही काकूंनी बाटली तोंडाला लावलीच. गल्लीच्या रहिवासी मंडळाच्या त्या अध्यक्ष होत्या, आणि गल्लीतल्या एका मुलीचा रोबो स्पर्धेत उतरणार म्हटल्यावर अध्यक्षांनी मागे राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील.

उराबे-यु हे त्या बंदराच्या गावातलं शेवटचं सार्वजनिक न्हाणीघर. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मधोमध उंच बैठकीवर कोतोकोचे बाबा तोकुजी, आणि त्यांच्या मागे तो फ्रीज. त्या फ्रीजमधून गेल्या पंधरवड्यात दूध गेलं, चहा गेला, बार्लीचं पाणी गेलं. उरला फक्त सोडा. गिऱ्हाईक अंगाला वाफा येत असताना बाहेर यायचं, दूध मागायचं, आणि हातात सोडा घेऊन बाकावर बसायचं. थोड्या वेळाने त्या बाकावरून जे आवाज यायचे ते ऐकून तोकुजी रेडिओ मोठा करायचे.

याला कारण होता तोबी. तांत्रिक महाविद्यालयाच्या रोबो मंडळाचा हा यंदाचा रोबो. नाव ठेवलं होतं पाण्याबाहेर उडणाऱ्या माशावरून, कारण त्याला काम होतं उडवण्याचं. दाण्यांनी भरलेल्या कापडी पुरचुंड्या उचलायच्या आणि खांबावरच्या टोपल्यांत फेकायच्या. फेकायची ताकद हवेची. दट्ट्याच्या मागे दाबलेली हवा सुटली की हात फाडकन वर जायचा. आणि ही हवा साठवायची सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांत. या स्पर्धेत पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय. चहाची बाटली चालत नाही. ती पातळ, चौकोनी, हवा भरली की कणकेच्या गोळ्यासारखी फुगते. सोड्याची कशी गोल आणि जाड, पोटात राग कोंडून बसायची जन्मापासून सवय असलेली. सामना सुरू व्हायच्या आधी पंपाने हवा भरायची, मग मैदानात जी आहे तिच्यावरच निभवायचं.

तोबीचं निभत नव्हतं. पहिल्या टोपल्या तो दणक्यात भरायचा. शेवटची पुरचुंडी मात्र सगळ्यात उंच टोपलीत टाकायची असायची, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या अंगातला जीव जायचा. हात अर्धा उठायचा आणि झोपेत कूस बदलल्यासारखा बाजूला कलंडायचा. तोवर हवा कुठून तरी निघून गेलेली असायची. खोलीत सगळे गप्प बसले की ऐकूही यायचं. फुस्स.

हा फुस्स सगळ्यांना ऐकू यायचा, आणि तो कुठून येतो हे बघायला उघडपणे कोणी वाकत नव्हतं.

त्याला कारण होती एक रेघ.

मंडळाची एक रीत होती. रोबोचा सांगाडा उभा राहिला की पहिला जोड मंडळाचे मार्गदर्शक इवाकिरी सर स्वतःच्या हाताने बसवायचे. पितळेचा जोड, बाटल्यांमधून येणारी सगळी हवा ज्याच्यातून जाते तो. आट्यांवर पांढरी पट्टी गुंडाळायची, जोड फिरवून घट्ट करायचा, मग खिशातलं लाल रंगाचं पेन काढून जोडावरून सांगाड्यापर्यंत एक सरळ रेघ मारायची. रेघ अखंड आहे तोवर जोड हलला नाही असं समजायचं. नंतर सगळ्यांनी एकदम दोन टाळ्या वाजवून मान लववायची. गेली कितीतरी वर्षं सर रोज प्रयोगशाळेत आले की आधी त्या रेघेवरून अंगठा फिरवायचे आणि मगच पिशवी खाली ठेवायचे.

मार्चमध्ये सर निवृत्त होणार होते. म्हणजे ही त्यांची शेवटची रेघ.

कोतोकोने एका दुपारी साबणाचा फेस घेऊन सगळे सांधे तपासले होते. नळ्यांवर काही नाही. व्हॉल्व्हवर काही नाही. पितळी जोडावर फेस लावला आणि तो हळूहळू फुगला, टम्म झाला, फुटला आणि पुन्हा फुगला. ती बराच वेळ तिथे उकिडवी बसून राहिली. मग तिने फडक्याने तो फेस पुसला, आणि रेघेला धक्का लागू नये म्हणून कापसाने कडेकडेने टिपला.

सर आले तेव्हा तिघंही उभे होते. कोतोको प्रमुख, नागिसा तारा जोडणारी, आणि इबुकी, तोबीला मैदानात चालवणारा, ज्याच्या तोंडाला सहसा कुलूप नसायचं.

“काय वाटतं?” सरांनी विचारलं. नवी कवळी बसवल्यापासून ते मोजकंच बोलत. “हवा कुठे जाते?”

“नळ्या असतील, सर,” नागिसा म्हणाली.

“व्हॉल्व्ह असेल,” इबुकी म्हणाला.

“बाटल्या,” कोतोको म्हणाली. “जुन्या झाल्यात.”

सरांनी तिघांकडे पाहिलं. त्यांचा अंगठा रेघेवर होता. “बाटल्याच असणार,” ते म्हणाले, आणि का कोण जाणे, त्यांच्या आवाजात जरा हायसं वाटल्यासारखं होतं. “बाटल्या बघू. पण आधी नळ्या बदलू, मग व्हॉल्व्ह. पद्धतशीर जाऊ.”

पद्धतशीरपणे सगळं बदललं गेलं. नळ्या नव्या आल्या. फुस्स. व्हॉल्व्ह नवा आला. फुस्स. इबुकीने रोबोची चाकंसुद्धा बदलली. ती का बदलली हे त्याला कोणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मग पुढचा प्रश्नही विचारावा लागला असता.

आता बाटल्यांची पाळी आली.

*

बाटली गळते का हे पाहायचं तर हवा भरून पाण्यात बुडवायची. महाविद्यालयात एवढं मोठं पाणी नव्हतं. कोतोकोच्या घरी होतं.

“पुरुषांच्या हौदात?” तोकुजी म्हणाले. ते घासणी हातात घेऊन हौदाच्या काठावर उभे होते. “कोतो, या पाण्यात लोक देह बुडवतात. धुतलेले देह. त्यातही आधी टाचा घासून.”

“बाटल्या पण धुतल्यात, बाबा.”

“टाचा घासल्यास?”

“बाबा, बुडबुडे आले की कळेल. अर्ध्या तासाचं काम.”

“गिऱ्हाईक यायच्या आत आटपा,” ते म्हणाले, आणि जाता जाता एक बाटली उचलून तिचं बूड निरखून पाहिलं, नाइलाजाने मान हलवली आणि हळूच पाण्यात सोडली.

तिघांनी मिळून बाटल्या पाण्याखाली दाबून धरल्या. हवेने भरलेली बाटली हौदात दाबून धरणं हे नाठाळ म्हशीला न्हाऊ घालण्यासारखं असतं. जरा हात ढिला पडला की ती उसळून वर यायची आणि नागिसाच्या हनुवटीवर बसायची. पण बुडबुडा एकही नाही. सगळ्या बाटल्या ठणठणीत.

तिघं ओल्या बाह्यांनी काठावर बसले. आता बोलायला हवं होतं. कोतोकोला वाटलं, इबुकी बोलेल. त्याच्या जिभेला हाड नाही.

“पाणी फार गरम आहे,” इबुकी म्हणाला. “गरम पाण्यात बुडबुडे दिसत नाहीत.”

“हो, आणि वाफ पण आहे,” नागिसा म्हणाली.

“मग नव्या बाटल्याच आणाव्यात,” कोतोको म्हणाली. “अगदी नव्या. आजच्या प्यायलेल्या.”

गेल्या वर्षीचं दृश्य तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. विभागीय स्पर्धा, भरलेलं सभागृह, आणि मैदानाच्या मधोमध मान टाकून उभा राहिलेला त्यांचा रोबो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या, सभ्य, बराच वेळ चालणाऱ्या टाळ्या, पडलेल्या पोराला उचलताना वाजवतात तशा. आणि सर सभागृहाकडे वळून कमरेत वाकले ते किती तरी वेळ वरच आले नाहीत. त्या वाकलेल्या पाठीला तसल्या टाळ्या पुन्हा ऐकू द्यायच्या नाहीत, एवढंच कोतोकोने ठरवलं होतं. त्यासाठी अख्ख्या गावाला सोडा पाजायला लागला तरी बेहत्तर.

आणि गावाला सोडा पाजायलाच लागला. एका रोबोला बऱ्याच बाटल्या लागतात, त्यातून निवडून काढायच्या म्हटल्या तर आणखी. हातानोकाकूंनी सूत्रं हाती घेतली. कोणत्या घरी कोणत्या वारी कोण पिणार हे त्यांनी दारोदार जाऊन सांगितलं. मासळीवाल्याने पंचायत नको म्हणून दुकानातच पिऊन दाखवलं. देवळाच्या पुजाऱ्यांनी सकाळच्या पाठाआधी प्यायला आणि पाठात दोन ठिकाणी थांबावं लागलं म्हणून भक्तांची माफी मागितली. स्वतः इवाकिरी सर रोज एक रिकामी बाटली, धुऊन पुसून, कापडात गुंडाळून आणायचे आणि दोन्ही हातांनी कोतोकोच्या हातात द्यायचे.

“सर, तुम्ही कशाला,” ती म्हणायची. “तुमच्या पोटाला...”

“मंडळाचं काम आहे,” सर म्हणायचे, आणि तोंडावर रुमाल धरून बाजूला वळायचे.

बाटल्या न्हाणीघराच्या मागे, भट्टीच्या खोलीत, मोठ्या पारदर्शक पिशवीत जमत गेल्या. एकसारख्या, गोल, एकही सुरकुती नसलेल्या. कोतोको झोपायच्या आधी त्या बघून यायची.

*

गुरुवारी ती महाविद्यालयातून लवकर आली आणि भट्टीच्या खोलीत गेली. पिशवी नव्हती.

“बाबा, इथली पिशवी?”

तोकुजी बैठकीवर सुट्टी नाणी रचत होते. त्यांचा चेहरा चांगलं काम करून बसलेल्या माणसाचा होता.

“टाकली की. आज बाटल्यांचा कचरा न्यायचा दिवस ना. कोपऱ्यावरची कचऱ्याची जागा सांभाळायची पाळी या महिन्यात आपली आहे. आपलीच पिशवी पडून राहिली तर हातानोबाईंना काय तोंड दाखवणार?”

“टाकली म्हणजे कशी टाकलीत?”

“कशी म्हणजे? रीतीप्रमाणे. कागद सोलले, झाकणं काढली, आतून विसळल्या.” ते जरा थांबले. “आणि पायाने चपट्या केल्या. सकाळभर तेच करत होतो. एकेक बाटली इतकी चिवट होती, कोतो, हल्ली अशी बनवत नाहीत.”

कोतोको चपला न घालताच कोपऱ्यापर्यंत धावली. गाडी अजून यायची होती. कचऱ्याच्या जाळीशेजारी हातानोकाकू पहारा देत उभ्या होत्या, गुरुवारी सकाळीही आणि दुपारीही असायच्या तशा. समोर पिशवी होती, आता आधीच्या पाव आकाराची.

“बघ,” काकू कौतुकाने म्हणाल्या. “मी सगळ्यांना बोलावून दाखवली तुझ्या वडिलांची पिशवी. बाटली चपटी करावी तर अशी. झाकणं वेगळ्या पिशवीत, एकावरही कागदाचा कपटा नाही.”

“काकू, या त्याच बाटल्या आहेत.”

“कोणत्या त्याच?”

“ज्या तुम्ही प्यायलात.”

काकूंनी पिशवीकडे पाहिलं. त्यांचा एक हात आपोआप बरगड्यांवर गेला.

“सगळ्या?” त्यांनी विचारलं.

“सगळ्या.”

कोतोकोने पंपाने त्या फुगवून पाहिल्या. त्या फुगल्या, आपापल्या ठिकाणी टक् टक् वाजत उभ्या राहिल्या. पण अंगभर घड्या, आणि घडी पडलेली बाटली स्पर्धेचे पंच हातात घेताच बाजूला काढतात. ती फुटू शकते. तोकुजी दारात उभे राहून हे बघत होते. त्यांनी घसा खाकरला, फ्रीज उघडला, सोड्याची बाटली काढली आणि उभ्या उभ्या, न थांबता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत सगळी प्यायले.

“घे,” ते म्हणाले. “ही पहिली.”

हातानोकाकूंनी त्या संध्याकाळी पुन्हा गल्ली पालथी घातली. या खेपेला त्यांनी कुणाला विनंती केली नाही. नुसतं म्हणाल्या, “पुन्हा प्यायचाय,” आणि पुढच्या दारात गेल्या.

*

नव्या बाटल्या जमायला वेळ होता, आणि स्पर्धा तोंडावर आली होती. शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला गेले असताना कोतोको प्रयोगशाळेत एकटी राहिली. खिशात गोंदाची नळी होती. जोड उघडायचा नाही, रेघेला हात लावायचा नाही. फक्त बाहेरून, जिथून फुगा येतो तिथे, एक थेंब. सरांना कळणारही नाही.

तिने जोडाची कड नखाने खरवडली. नखाला काहीतरी पातळ, चकचकीत लागलं. तिने ते उजेडात धरलं. नखपॉलिश, रंगहीन. मंडळात नखं रंगवणारी एकच होती.

त्याच्या खाली राखाडी, खडबडीत पुट्टी होती. प्लॅस्टिकची लढाऊ जहाजं जोडताना फटी बुजवायला वापरतात ती. मंडळात तसली जहाजं जोडणाराही एकच होता.

आणि त्याच्याही खाली, अगदी आट्यांना चिकटून, मऊसर गुलाबी काहीतरी. तिने वास घेतला. पुदिना. च्युइंगम, ती मनात म्हणाली. कमाल आहे या इबुकीची.

दार सरकलं. इबुकी आणि नागिसा आत आले आणि जागच्या जागी थांबले.

“काय करतेयस, ताई?” इबुकीने विचारलं.

“धूळ पुसतेय.”

“बरं केलंस,” नागिसा म्हणाली आणि बोटं मुठीत घेतली. “तिथे धूळ फार बसते.”

“हो ना,” इबुकी म्हणाला. “मी पण परवा पुसली होती.”

“च्युइंगमने?”

“च्युइंगम?” इबुकीने ओठ वर करून दात दाखवले. सगळ्यांवर तार होती. “दोन वर्षं झाली मला च्युइंगम बंद आहे. पुट्... धूळ मी साध्या फडक्याने पुसली.”

कोतोकोने नागिसाकडे पाहिलं. नागिसाने मान हलवली. तिघं गुलाबी लागलेल्या त्या नखाकडे बघत राहिले. आता तिघांनाही ठाऊक होतं की तिघांनाही ठाऊक आहे. फक्त कोणीतरी तोंड उघडायला हवं होतं. एवढ्यात व्हरांड्यातून सरांच्या चपलांचा आवाज आला. नागिसाने झटकन पॉलिशचा थर अंगठ्याने दाबून बसवला, इबुकीने खुर्ची पुढे ओढली, आणि कोतोकोने हात मागे घेतला.

सर आले. अंगठा रेघेवरून फिरला. अंगठा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबला असं कोतोकोला वाटलं. मग त्यांनी पिशवी उघडली आणि कापडात गुंडाळलेली बाटली काढली.

“आज पीच,” ते म्हणाले.

शनिवारी दुपारपर्यंत बाटल्या पुऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सामना. शेवटची चाचणी बघायला तोकुजी न्हाणीघर उघडायच्या आधी धावत आले, हातानोकाकू आल्या, मासळीवाला रबरी बुटांतच आला. सगळे भिंतीला टेकून, पोटांवर हात ठेवून उभे राहिले. आपापल्या बाटल्या ओळखायचा प्रयत्न चालला होता.

तोबी निघाला. पहिली टोपली भरली. दुसरी भरली. मासळीवाल्याने तोकुजींना कोपर मारलं. तोबी उंच खांबासमोर येऊन थांबला, पुरचुंडी उचलली, आणि त्या शांततेत सगळ्या खोलीला ऐकू आलं. फुस्स.

हात अर्धा उठला. पुरचुंडी एखाद्या आळशी बेडकासारखी पुढे आली आणि सरांच्या चपलेवर पडली.

सरांनी ती उचलली. झटकली. दोन्ही हातांनी कोतोकोला परत दिली.

हातानोकाकूंनी तोंड उघडलं, पण त्यातून फक्त ढेकर आली, आणि त्यांनी वाकून माफी मागितली.

“बाटल्या,” शेवटी सर म्हणाले, “आणखी थोड्या बदलून पाहिल्या तर...” पण वाक्य पुरं झालं नाही. त्यांनी टोपी घातली. “मी अंघोळ करून येतो,” ते तोकुजींना म्हणाले. “भट्टी पेटली असेल ना?”

*

उराबे-युच्या मधली भिंत छतापर्यंत जात नाही. वर हातभर मोकळी जागा आहे. पलीकडचं पाणी ऐकू येतं, पलीकडची वाफ इकडे येते, आणि माणसं त्या जागेतून एकमेकांशी बोलतात. “निघाले हो मी,” असं बायका सांगतात, आणि पलीकडून “आलोच” असं येतं. समोरासमोर जी माणसं दिवसभर दहा शब्द बोलत नाहीत तीही या भिंतीवरून बोलून घेतात.

कोतोको गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. शेजारी नागिसा. तिच्या पलीकडे हातानोकाकू, कपाळावर घडी केलेला रुमाल, डोळे मिटलेले. भिंतीपलीकडे इबुकी सरांची पाठ घासत होता. घासणीचा आवाज येत होता.

“नागिसा,” पलीकडून इबुकीची हाक आली. “साबण संपला. टाक ना.”

नागिसाने उभं राहून साबणाची वडी फेकली. ती वाफेतून वर गेली, भिंतीच्या माथ्यावरून सुबक वळली आणि पलीकडे चपकन कुणाच्या तरी हातात पडली.

“अगदी असं,” पलीकडून सरांचा आवाज आला. “तोबीने असं टाकायला हवं होतं.”

घासणीचा आवाज थांबला होता. पाणी ओतल्याचा आवाज आला, मग दोघं हौदात उतरल्याचा आला आणि मग तोही थांबला.

“उराबे,” सर म्हणाले. “गल्लीत सोडा न प्यायलेलं कोणी उरलंय का?”

हातानोकाकूंनी डोळे उघडले. त्या कोतोकोकडे बघत होत्या. नागिसा कोतोकोकडे बघत होती. दोन्ही बाजू दिसणाऱ्या उंच बैठकीवर तोकुजींनी आज पहिल्यांदाच रेडिओ बारीक केला.

कोतोकोला वाकलेली ती पाठ आठवली. भिंत होती म्हणून बरं. पलीकडे ती पाठ आता दिसत नव्हती. आणि उद्या संध्याकाळी ती पुन्हा सगळ्या सभागृहाला दिसणार होती. तिने गुडघे पोटाशी घेतले, भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडे तोंड केलं आणि श्वास घेतला.

“सर,” ती म्हणाली. “बाटल्यांत काही नाही. गळती तुमच्या जोडातून आहे.”

पलीकडे इबुकी बुडुक करून पाण्याखाली गेला. छतावरून एक थेंब हौदात पडला. दुसरा पडला.

“मग मी,” हातानोकाकू अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “हे सगळं का प्यायले?”

पलीकडून सर सावकाश बोलले, एकेक शब्द जपून, कवळी हातात काढून ठेवलेल्या माणसासारखं जरा बोबडं.

“पॉलिश आणि पुट्टीच्या खाली, उराबे... गुलाबी काही लागलं होतं का तुझ्या नखाला?”

“हो, सर. पुदिन्याच्या वासाचं.”

“कवळी चिकटवायचं मलम आहे ते. पहिल्याच दिवशी लावलं. तुम्ही टाळ्या वाजवून बाहेर गेलात तेव्हाच फुस्स ऐकलं होतं मी.”

इबुकी श्वास घ्यायला वर आला आणि पुन्हा खाली गेला.

“आटा तिरका चढलाय,” सर म्हणाले. “उद्या सकाळी तू उघड. नवी पट्टी लाव, तूच बसव. रेघही तूच मार. पेन देतो मी.”

“आणि तुम्ही, सर?”

“मी दिवा धरतो,” सर म्हणाले. पाणी हललं, ते उठून उभे राहिले असावेत. “मला आटे दिसत नाहीत, उराबे. गेल्या वर्षीही दिसले नव्हते.”